अनुदान आलं, तुम्ही पेटीवर बसलात

गुरुजी, नागपूरला परीक्षेला निघालो त्या सकाळी तुम्ही कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. सेलू रोडच्या फलाटावर वर्गातल्या पोरींच्या घोळक्यात तुम्हीही उभे होतात, त्यांच्यासारखाच लिहायचा पुठ्ठा काखेत धरून. ओळखीच्या कुणीतरी लांबूनच विचारलं, "काय गुरुजी, पोरींले परीक्षेले नेऊन राह्यले का?" तुम्ही "हो" म्हणालात. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मी तुमच्याकडे बघितलंच नाही. गाडी येते का ते पाहत राहिले.

त्या उतारवयात तुम्ही परीक्षेला का बसलात, हे आताच्या मुलींना सांगितलं तर त्यांना पटत नाही. नागपूर राजधानी होती तोवर आपल्या गाण्याच्या वर्गाच्या सरकारी अनुदानाचं काम सरळ होतं. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे, कापसाच्या जिनिंगशेजारच्या त्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसायचे. तानपुऱ्यावर उडून बसलेला कापूस तुम्ही फडक्यानं पुसायचात, मग एखादी पोर गायची, साहेब मान डोलवायचे, चहा प्यायचे आणि "चालू द्या" म्हणून जायचे. छप्पन साली राज्य बदललं, आपण मुंबईच्या राज्यात गेलो आणि नवे नियम आले. मुख्य शिक्षक मान्य परीक्षा पास असेल तरच गाण्याच्या वर्गाला अनुदान. तुम्ही तरुणपणी अल्लीपूरची शेती भावावर टाकून नागपुरात एका बुवांच्या घरी राहिलात, त्यांचं पाणी भरलंत, त्यांच्या शिव्या खाल्ल्यात, आणि गाणं घेऊन आलात. त्याचा दाखला कुणी देत नसतं. अनुदान बंद झालं असतं तर खोली गेली असती, तबलजी गेला असता, आणि सगळ्यांत आधी जिनिंगात कामाला जाणाऱ्या बायांच्या पोरी गेल्या असत्या. त्यांच्याकडून तुम्ही फी घेत नव्हतात.

तुमच्याच वर्गात शिकलेली मी मात्र ती परीक्षा आधीच पास होते. माझे वडील शाळामास्तर, त्यांना कागदाची किंमत ठाऊक होती. त्यांनीच मला बसवलं होतं. म्हणून गाण्याच्या शास्त्राचा लेखी पेपर तुम्हाला मी शिकवायचं ठरलं. तुमच्या स्वयंपाकघरात काकू भाकरी थापताहेत, तुम्ही पाटावर बसून तुरीच्या शेंगा सोलताय आणि मी थाटांच्या व्याख्या सांगतेय, असं ते चाले. तुमचं चित्त लागत नसे. व्याख्या सांगता सांगता तुम्ही गायलाच लागायचात. एकदा चौथ्यांदा तीच व्याख्या चुकली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढं साधं डोक्यात राहत नाही?" शब्द तुमचे, सूरही तुमचाच. आम्ही चुकलो की तुम्ही अगदी असंच खेकसायचात. काकूंचा हात परातीत थांबला. मला वाटलं, आता शेंगांचं सुपडं अंगावर येतं. तुम्ही खाली बघून म्हणालात, "पुन्हा सांग वं. हळू सांगजो." तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं, गुरुजी. त्या दिवशी मी जेवायला नको म्हणून तुमच्या घरून निघाले.

गाण्यात तुम्ही पास झालात. लेखीत नापास झालात. परतीच्या गाडीतच तुम्हाला ते कळलेलं होतं. "यमनाचं वर्णन करा म्हणे," तुम्ही पोरींना हसत सांगत होतात. "म्या म्हटलं, गाऊन दाखवतो. तर तो देखरेखीचा पोट्टा म्हणते, बाबा, आवाज करू नका." पोरी खिदळल्या. तुम्ही खिडकीकडे वळलात आणि सिंदी स्टेशन येईपर्यंत बाहेरच बघत राहिलात.

निकाल लागल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात. वडिलांसमोर म्हणालात, "मास्तर, उद्यापासून पोरगी बसन मुख्य म्हणून. मी पेटी धरतो." मी नाही म्हटलं. खरंच म्हटलं होतं. "काऊन नाई?" तुम्ही चिडलात. "वर्ग बंद पाडतं का? माह्या नाकासाठी त्या पोरी घरी बसवू?" मग मी हो म्हटलं.

मग नव्या राज्याचे साहेब आले. भले गृहस्थ होते, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. मी तुमच्या गादीवर बसले होते, पाय कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं. तुम्ही माझ्या डावीकडे बसून पेटी पुढ्यात ओढलीत, भाता उघडलात आणि मोठ्यानं विचारलंत, "बाई, तुम्ही कोणता राग घेता?"

मी मागे वळून पाहिलं. खोलीत दुसरी कुणी बाई आली असावी असं मला वाटलं.

अनुदान चालू झालं. तुमचं 'बाई' आणि 'तुम्ही' मात्र गेलं नाही. साहेबांसमोरचं सोंग असेल, दुसऱ्या दिवशी उतरेल अशी माझी समजूत होती. एकदा वर्ग सुटल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "गुरुजी, निदान कुणी नसताना तरी मला तू म्हणा." तुम्ही पेटीवर कापड घालत होतात. "जिभेले सवय पाहिजे," म्हणालात. "एखाद्या दिवशी पोरींसमोर तू निघालं, तर त्या तुमचं ऐकतीन का?" तुमच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते. घरी काकूही मग मला पाट मांडून देऊ लागल्या. आधी मी आपला आपण ओढून घेत असे.

दोन कापसाचे हंगाम असे गेले आणि तिसऱ्यात तापाचं निमित्त होऊन तुम्ही गेलात. त्यानंतर काही महिन्यांनी सरकारचं नवं पत्रक आलं. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या वयस्क शिक्षकांना परीक्षेची अट माफ. कुणी जाणकारानं शिफारस केली की पुरे. तबलजींनी ते वाचून कपाळाला हात लावला. "बाई, हे आधी आलं असतं तर गुरुजी आपल्या जागेवर बसले असते." मी म्हटलं, "नशीब, दुसरं काय." सगळ्यांनी तेच म्हटलं आणि मला धीर दिला.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. ते पत्रक वाचून झालं तेव्हा, ते तुमच्या माघारी आलं म्हणून, मला आधी हायसं वाटलं होतं, गुरुजी. वाईट नंतर वाटलं.