कार्बाइडची पटाशी आणि धावड्याचा पाळणा

सोमवार, ता. ७ जानेवारी १९५७. पूजेनंतर.
आजपासून दुकानातली लाकूड कातायची खराद मी चालवणार. ठरलं. हे नागपूरला फर्निचरच्या कारखान्यात दीड महिन्यासाठी म्हणून गेले, त्याला पाच महिने झाले. मधे दसऱ्याला दोन दिवस येऊन गेले. इथं नागभीडात लोक विचारतात, सोमाजीनं दुकान बंद केलं का? बंद नाही. मालक बाहेरगावी आहे, एवढंच.
नानाजी पाटलांची लेक पहिलटकरीण, फाल्गुनात बाळंत होणार. पाळण्याला बारा दांडे कातून पाहिजेत म्हणून त्यांनी लाकूड आणून टाकलं आहे. पाळणा झाला की चार लोक बघतील, काम वाढेल, आणि काम वाढलेलं कळलं की हे होळीला येतील ते कायमचेच. यात न होण्यासारखं काही दिसत नाही.
लाकूड मात्र धावड्याचं, तेही वाळलेलं. त्यावर आपल्या पोलादी पटाशीची धार दोन मिनिटं टिकत नाही. पण दसऱ्याला यांनी कार्बाइड नावाच्या कडक धातूची पटाशी आणली होती ती इथंच आहे. लोखंडी दांडा, टोकाला पितळेनं झाळलेला नखाएवढा करडा तुकडा. विसरलो असं कार्डात लिहितात. अशी वस्तू माणूस विसरत नाही. माझ्यासाठी ठेवली असणार. नाहीतर न्यायला यावं लागेल म्हणून.
सोबतचं इंग्रजी पत्रक मीच वाचून दाखवलं होतं. घरात मॅट्रिक मीच. धार पुष्कळ दिवस टिकते असं त्यात आहे. म्हणजे लावावीच लागत नाही.

बुधवार, ता. ९.
खरादीचं मोठं चाक फिरवायला शेजारच्या रुखमाबाईंना बोलावलं. म्हणाल्या, "वच्छले, माह्या जिंदगीत जातं फिरवलं, आता हे पन फिरवतो. पन दळन कुठी हाय?" त्यांना थट्टेची सवय आहे. विश्वकर्म्याला हळदकुंकू वाहून सुरुवात केली.
पटाशी लागली मात्र झकास. धावड्याचा भुगा पिठासारखा पडला. मी हात थोडा वर धरला तर ती लाकडात रुतली आणि पाळण्याचा दांडा उडून भिंतीला लागला. रुखमाबाई म्हणाल्या, "पोरगं पाळन्यातून असंच उडन का?" हात सरळ ठेवायचा हे कळलं. संध्याकाळपर्यंत एक दांडा. मधे थोडा बारीक, एका टोकाला थोडा जाड. हातानं केलेल्या कामात असं असतं.

सोमवार, ता. १४. संक्रांत. उपास.
नागपूरला कार्ड टाकलं. चार दांडे झाले असं लिहिलं. दोन झाले आहेत. पण कार्ड पोहोचेपर्यंत चार होतीलच, मग तेव्हा ते खोटं राहणार नाही. "इकडची मुळीच काळजी करू नये" हेही लिहिलं. काळजीनं माणसाचं कामात लक्ष लागत नाही.
तिळगूळ वाटला. उरला तो डब्यात ठेवला. तिळाला काही होत नाही, होळीपर्यंत टिकतो.

मंगळवार, ता. २२.
तिसरा दांडा नीट होत नाही. लाकूड जळल्यासारखा वास येतो. रुखमाबाईंनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भोथरी झाली ना बाई." मी पत्रक दाखवलं. त्यांना वाचता येत नाही.

गुरुवार, ता. २४.
भोथरी नाही, पण म्हणून धार लावायची नाही असं नाही. यांच्या सहाणेवर तासभर घासली. पटाशीला काही झालं नाही, दगडाला मात्र बोटभर खोल चर पडला. अवजार किती अस्सल आहे बघा. रुखमाबाईंचं म्हणणं, "तू दगडालेच धार लावून राह्यली."
पत्रक पुन्हा वाचलं. शेवटी बारीक अक्षरात आहे की या धातूला फक्त हिरव्या रंगाचा खास दगड चालतो, तो कंपनीकडे मिळतो. कंपनी असंच म्हणणार. तिला दगड खपवायचे आहेत. आपल्याकडे इतकी वर्षं कोणाच्या घरी हिरवा दगड होता?

सोमवार, ता. ४ फेब्रुवारी. उपास.
रात्रभर विचार केला आणि सोपं उत्तर सापडलं. पाणी द्यायचं. यांना शंभरदा बघितलंय. पोलाद मऊ पडलं की टोक कोळशात लाल करतात आणि पाण्यात बुडवतात, मग ते परत कडक होतं. मी चाक फिरवायची आणि बघायची. बघून आलेलं विसरत नाही.

मंगळवार, ता. ५.
चुलीत कोळसा पेटवून फुंकला. टोक लाल झालं. मग पितळ पाघळलं आणि करडा तुकडा सुटलेल्या खपलीसारखा एका बाजूला सरकला. मी घाई करून तसंच पाण्यात घातलं. टक् असा आवाज आला. बाहेर काढलं तर दांड्याला अर्धा तुकडा, अर्धा बादलीच्या तळाशी.
माल हलका असणार. बरं झालं आधी कळलं.
नागपूरला कार्ड: आठ दांडे झाले, गिऱ्हाइकांची रीघ आहे, मी एकटी सहज बघते.

शुक्रवार, ता. ८.
अर्धा तुकडा लाखेनं चिकटवला. लाख बांगडीला धरते, हिला काय झालं? रुखमाबाईंनी चाक दोनदा फिरवलं आणि तुकडा उडाला तो त्यांच्या कानाजवळून गेला. त्यांनी चाक सोडलं. पदर खोचला आणि घरी गेल्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "त्याले बलाव ना वो. काऊन नाई बलावत?" मी म्हटलं, कामासाठी गेलेल्या माणसाला असं बोलावू नये. म्हणाल्या, "मी कामाचं नाई बोलून राह्यली."

सोमवार, ता. १८. उपास.
नानाजी पाटील पाळणा बघायला आले. त्यांना दुकानात जाऊ दिलं नाही. रोगण ओलं आहे म्हटलं. म्हातारा नाक वर करून वास घेत उभा राहिला. रोगणाचा वास कुठून येणार? चहा केला. किती दिवसांनी दोन कप मांडले. तोही म्हणाला, "सोमाजी आला का?" मी म्हटलं होळीला. "बरं हाय," म्हणाला आणि बशी पालथी घातली.

मंगळवार, ता. २६.
पाटलांकडे नातू झाला. आज गाडी घेऊन आले. बारशाला दिवस थोडे राहिले. दुकानाचं दार मी उघडलं नाही, त्यांनीच ढकललं. दोन दांडे बघितले, तिसरा हातात घेऊन फिरवला. रागावले असते तर बरं होतं. "बाई, तुमी लई मेहनत केली," म्हणाले. "ब्रम्हपुरीले एक खरादी हाय, त्याच्याकडे नेतो. तुमी मनाले लावून घेऊ नोका." उरलेलं लाकूड गाडीत भरलं. दोन दांडेही नेले, म्हणाले पोराला खेळायला होतील. तिसरा ठेवून गेले.
आता दुकान मोकळं झालं. झाडायला सोपं.

रविवार, ता. ३ मार्च.
काल यांचं पत्र आलं. आज चौथ्यांदा वाचलं.
तब्येत ठीक. माझी कार्डं त्यांनी कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवली. बाई असून खराद चालवते म्हणून मालकानं कौतुक केलं. पुढे लिहितात, "तू तिकडचं सर्व नीट सांभाळतेस, तुला माझी अडचण नाही, म्हणून मालक म्हणाले तसं कायमच्या नोकरीला हो म्हटलं. होळीला सुट्टी कमी आहे, दगदग करून येत नाही. ती पटाशी तूच वापर. इथे तशा चार आहेत आणि हिरवा दगड विजेवर चालतो."
अक्षर छान आहे. पूर्वी इतकं छान नव्हतं.

गुरुवार, ता. १४. परवा होळी.
आज पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. लग्न झाल्यापासून आमच्या घरात पाकीट आलं नव्हतं. कार्ड असताना पाकिटाची चैन कशाला, असं मीच म्हणायची. पण पोस्टमास्तर कार्डं वाचतात. माणूस वाईट नाही, पण वाचतात, आणि मग बाजारात आठ दांड्यांचं सांगतात. लोक मला नमस्कार करतात.
ते म्हणाले, "बाई, पाकीट काऊन? सगळं ठीक हाय ना?" म्हटलं, ठीक आहे.
घरी येऊन दार लावून लिहिलं. चार ओळी झाल्या. पटाशी मोडली. पाळणा झाला नाही. दुकानात कोणी येत नाही. मला एकटीला करमत नाही, या.
पुन्हा वाचलं नाही. चिकटवलं आणि दुपारच्या गाडीच्या आधी टाकून आले.
कार्डाचं उत्तर आठ दिवसांत येतं. पाकीट जड असतं, त्याला जास्त दिवस लागत असतील.