भिंगातून न दिसलेली वस्तू

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार (गुडघा वाकेल तेवढाच). तुझा खोकला कसा आहे? आम्ही ठीक. लोकांची घड्याळं बिघडतायत, म्हणजे माझं दुकान चालू आहे.

तुझ्याकडे राहून सुतारकाम शिकणाऱ्या आमच्या लेकीने खोक्यातून तिची पहिली वस्तू पाठवली. ती काय आहे ते लिहिलं नव्हतं. 'बाबा, कशी वाटली ते कळवा', एवढंच. मी डोळ्याला भिंग लावून बसलो. तिसरा स्क्रू वाकडा, डाव्या सांध्यातून सरस ओघळलेला, दोन फळ्यांच्या रेषा जुळत नाहीत. तुला ठाऊकच आहे, माझ्याकडे बेचाळीस खण आणि प्रत्येकावर चिठ्ठी. ही वस्तू कुठल्याच चिठ्ठीत बसेना. स्टूल म्हणावं तर पाठ आहे, खुर्ची म्हणावं तर पाठ पुढे झुकलेली. जे कशात मोडतं ते कळत नाही, ते मला आवडत नाही (भाऊजींशी जमायला नऊ वर्षं लागली ती त्यामुळेच).

बायको स्वयंपाकघराच्या दारातूनच, पिठाचे हात घेऊन म्हणाली, "बसायचंच काहीतरी आहे. छान आहे." जवळ येऊन पाहिलंसुद्धा नाही. हात धुतले आणि वस्तू खिडकीपाशी ठेवून दिली. दोन दिवसांत तिच्यावर टॉवेल वाळला, मग ही स्वतः बसून भाजी निवडू लागली. (हिच्या लेखी माझी हत्यारांची पेटीही बसायचंच काहीतरी आहे.) मी सोमवारी चार पानं भरून दोष लिहिले आणि लेकीला साध्या टपालाने पाठवले.

मंगळवारी डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले. संध्याकाळपर्यंत जवळचं काही दिसणार नाही म्हणाले. दुकान बंद ठेवून घरी बसलो. समोर खिडकीत ती वस्तू. स्क्रू दिसेना, सरस दिसेना. दिसलं ते इतकंच, की पाठ झुकवून, गुडघे पोटाशी घेऊन कुणीतरी बसलंय. लहानपणी लेक दुकानात माझ्या टेबलाशी अशीच बसायची, मी कधी मान वर करतो याची वाट बघत. वस्तू मला फार आवडली. डोळ्यांत पाणी आलं (डॉक्टर म्हणालेच होते, येईल).

बाकी क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. ते चार पानांचं पत्र तुझ्याच पत्त्यावर येईल. त्याच्या आधी पोचावं म्हणून हे कुरिअरने पाठवतोय. जाड पाकीट आहे. फाडून टाक, तिच्या हाती लागू देऊ नकोस.

आणखी एक. तिने ते वाचलंच असेल तर सांग, बाबा फार जवळून बघत होते.

तिसरा स्क्रू मात्र वाकडाच आहे. आज सरळ करायला बसलो होतो. राहू दिला.