काज बुजू द्यायचं नाही

मंगळवार, ४ मार्च
पुन्हा गालावर! औषधाची बाटली जवळ आली की डोळा गच्च मिटतो. जन्मभर कापड बेतलं, कात्री कधी सुतभर हलली नाही — आणि स्वतःच्या डोळ्यात एक थेंब पाडता येत नाही. कॉलर ओली. सूनबाई दारातून म्हणाली, "बाबा, मी घालू का?"
"मी काय कुकुलं बाळ आहे?"
कशाला खेकसलो तिच्यावर!

गुरुवार, ६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी परत समजावलं. डोळ्यातला दाब उतरावा म्हणून ऑपरेशनमध्ये पाण्याला बारीक वाट करून दिलीय. शरीराला ती जखमच वाटते, ते भरायला धावतं. "व्रण धरला, वाट बुजली, की सगळं मुसळ केरात. थेंब त्यासाठीच आहेत."
म्हणजे काज! कापायचं, पण बुजू द्यायचं नाही. बाई हसल्या.
"थेंब नीट जातात ना?"
"अगदी!" म्हणालो. सूनबाई शेजारीच होती. डावा डोळा याच दुखण्यानं गेलाय, उरलाय हा एक. तरी खोटं बोललो.

शनिवार, ८ मार्च
गालावर.

मंगळवार, ११ मार्च
दाब वाढला. वाट बुजायला लागलीय. डोळ्याच्या कडेला इंजेक्शन दिलं, तेही व्रण धरू नये म्हणूनच. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात — "थेंब जाऊनही असं कसं?" मी मूग गिळून बसलो.
सूनबाई तिथून तडक औषधाच्या दुकानात. "बाटलीत औषध भरता की नळाचं पाणी?" चारचौघांत! दुकानदार बिचारा ऐकून घेत होता. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. आणि मी? कोपऱ्यातल्या वजनकाट्यावर जाऊन उभा राहिलो! खरंच.
"चुकलं असेल, ताई," म्हणत त्यानं बाटली बदलून दिली. जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शुक्रवार, १४ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं दिसतंय. सोमवारी ठरवू." माझ्या थापेवर भरवसा ठेवून त्या पुन्हा डोळा उघडणार.

रविवार, १६ मार्च
सांगून टाकलं. ती भांडी विसळत होती. "थेंब डोळ्यात जातच नाहीत गं. पहिल्यापासून गालावरच पडतात."
तिनं हात पुसले. "आडवे व्हा. डोळा मिटूनच ठेवा." मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यात थेंब ठेवला. "आता उघडा." गेला आत! एवढंच होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

सोमवार, १७ मार्च
डॉक्टरीणबाईंनी चांगलं फैलावर घेतलं. ऑपरेशन तूर्त लांबणीवर. थेंबांचा गुण येतो का ते आधी बघणार. वाट पुरती बुजली नसेल तर!

मंगळवार, १८ मार्च
दुकानदाराची माफी मागायला गेलो. तो ओशाळला. "काका, ताई भांडायच्या आदल्या दिवशीच येऊन सांगून गेल्या होत्या. तुमच्या ओल्या कॉलरी त्याच धुतात ना! माझ्यावर आळ आला की तुम्ही बोलाल, असं म्हणाल्या. आम्ही दोघं वाट बघत होतो — आणि तुम्ही वजन करायला गेलात."