उलटं फिरणारं मीटर

७ एप्रिल २०२०, लायडस्खेनडाम
परतीचं विमान पुन्हा रद्द. पुण्याला कधी पोचणार, कोणी सांगत नाही. लेकीचा पाहुणचार तरी किती दिवस खायचा? मृणाल खालच्या खोलीत मीटिंगमध्ये, जावई अनिकेत वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, नात रेवा लॅपटॉपवर डच शाळेत. मी जिन्यात.
छपरावर आज सोलर बसलं. दहा पॅनल. दोन गोरे आले, लांब उभे राहूनच बोलले, चहा अंगणात ठेवला तो प्याले. अर्ध्या गल्लीने बसवलंय म्हणे.

८ एप्रिल
दाराजवळच्या कपाटात मीटर आहे, जुनं, चकतीचं, आपल्याकडे असायचं तसंच. सवयीने उघडून पाहिलं. दुपारी एक वाजता चकती उलटी फिरत होती. चष्मा पुसून पाहिलं. उलटीच. आकडा कमी होतोय.
एकतीस वर्षं वीज खात्यात, त्यातली बारा भरारी पथकात. उलटं मीटर म्हणजे चोरी, दुसरं काही नाही. आणि तेही माझ्या जावयाच्या घरात. कुंपणानेच शेत खाल्लं.
जेवण गेलं नाही. मृ. लगेच थर्मामीटर घेऊन आली.

९ एप्रिल
सकाळी रेवाचं भिंग घेऊन सील तपासलं. तार, शिसं, ठसा, सगळं शाबूत. तासभर पाहिलं. एक ओरखडा नाही. सील शाबूत आणि चकती उलटी, असं होऊच शकत नाही.
शेवटी अनिकेतला विचारलं, मीटरला काय केलंत? त्याला आधी कळेचना. मग हसू आवरेना. "बाबा, दुपारी पॅनलची वीज आपल्याला वापरून उरते. उरलेली बाहेर लाईनला जाते, म्हणून मीटर मागे फिरतं. इथे हे कायद्यात बसतं. शेजारच्या आजीबाईंचंही दाखवतो, हवं तर."
रेवा म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट द सन."
त्यांच्याबरोबर हसलो. मग बाथरूमला कडी लावून बसलो.

१० एप्रिल
दिनकर सुतार. पाटणच्या वरच्या पठारावर लेथ मशीनचं वर्कशॉप होतं त्याचं. १९९४. काल भिंग हातात असतानाच आठवला, पण नाव लिहायला आज धीर झाला.
शेडवर पत्र्याची पाती लावून त्याने लेथच्या मोटरला जोडली होती. "सायेब, वारं सुटलं की मीटर मागं जातंय. माजीच वीज तुमच्या लाईनीत जातीया." सगळं पथक हसलं. सगळ्यात मोठ्याने मी. सातवी पास माणूस मला वीज शिकवतोय. बाहेरून जोरात फिरवली तर मोटर वीज परत देते, हे डिप्लोमाच्या पुस्तकात होतं. त्या पेपरात मी पहिला आलो होतो.
सील तेव्हाही पाहिलं होतं. शाबूत होतं. मी पंचनाम्यात लिहिलं, 'सील संशयास्पद'. त्याशिवाय केस उभी राहत नव्हती.
तो दोन रात्री कोठडीत. लेथ कायमचं बंद. मला प्रशस्तिपत्रक.
मृ.ला सांगितलं. "बाबा, तुम्ही?" एवढंच म्हणाली. दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही तिने.

१३ एप्रिल
जुन्या सहकाऱ्याने खटपट करून दिनकरचा नंबर काढून दिला. तिकडेही लॉकडाऊन, म्हणजे माणूस घरीच असणार. लावला नाही.

१६ एप्रिल
लावला. त्यानेच उचलला. माझं नाव सांगितलं. मग, "बोला सायेब. तिकडं लई मानसं मरत्यात म्हनं. तुमी बरं हाय न्हवं?"
हे मला सोसलं नाही. शिव्या चालल्या असत्या.
म्हटलं, इथे मीटर मागे फिरताना पाहिलं.
"वाऱ्यावर?"
उन्हावर, म्हटलं.
"आन् सील?"
शाबूत.
"माजं बी हुतं."
माफी मागितली. म्हणाला, "त्वांडी नगं, सायेब. तवा तुमी कागदावर लिवलंत. आता बी कागदावरच लिवा. गावात अजून मला चोर म्हनत्यात."

१७ एप्रिल
अनिकेत म्हणतो, नीट विचार करा. खोटा पंचनामा कबूल केलात तर पेन्शनवर येईल, कदाचित पोलिसांपर्यंत जाईल. मृ.ने टेबलावर कोरे कागद आणून ठेवले.
दुपारपर्यंत तीन फाडले. चौथ्यावर इतकं झालं: 'श्री. सुतार यांच्या मीटरचे सील शाबूत होते. मी संशयास्पद लिहिले, कारण ती चोरीच आहे अशी माझी प्रामाणिक समजूत होती.'
वाचून दाखवलं. मृ. म्हणाली, "प्रामाणिक?"
तो शब्द खोडला. मग समजूतही खोडली. आता 'कारण' एवढाच शब्द उरलाय आणि पुढे काही सुचत नाही. खरं म्हणजे सुचतंय.
त्या दिवशी पठारावर वारा होता. पंचनामा लिहिताना कागद उडत होता, तो दिनकरनेच दोन्ही हातांनी दाबून धरला होता. मी सही करत होतो आणि वारा पडला. समोरची चकती थांबली, मग सरळ फिरायला लागली. ते मी पाहिलं होतं. पाहून सही पुरी केली.
हे इथे लिहिलं. त्या कागदावर अजून नाही.