चिंच आहे, घरं नाहीत

लायडन, नेदरलँड्स
१२ नोव्हेंबर

बाबा, तुम्हांला आणि आईला जयभीम.

मी बरी आहे. थंडी आहे, पण खोली उबदार आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढतेय.

काम सांगते. शंभर वर्षांपूर्वीच्या ॲटलासमधल्या, आपल्याकडच्या गावनकाशांवर काय काय दाखवलंय ते मोजायचं आणि रंगीत ठिपक्यांनी मांडायचं. घरं लाल, विहिरी निळ्या, झाडं हिरवी.

परवा खडवलीजवळचं आपलं गाव आलं. गावठाणात लाल ठिपके भरपूर आहेत. ओढ्यापलीकडे, आपल्या वस्तीच्या जागी, एकच हिरवा ठिपका आहे. ती आपली चिंच.

माझ्या इथल्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तिथे कोणी राहत नसणार." मी म्हटलं, "त्या चिंचेखाली माझ्या आजोबांचं बारसं झालं." त्यांनी पुरावा मागितला. रास्तच आहे.

नकाशाची मोठी प्रत सोबत पाठवतेय. आजोबा सांगायचे ती घरं त्यावर लाल पेनने काढा, नावांसकट.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही पुन्हा पुढे ढकललंत, असं आई म्हणाली. दादा कल्याणला न्यायला तयार आहे ना? मग आधी ते उरका. नकाशा तोवर कपाटात राहू दे.

चिंचेपासून पहिलं घर कोणाचं, हे आता तुमच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

तुमची,
संचिता