सीटवरचा ओरखडा

१८ मे, रविवार
ऊन ४५. तेलंगणातल्या निर्मलहून राजन्ना आला होता. यांचा सायकलवरचा सोबती. मला तेलुगूत वदिना म्हणतो, म्हणजे वहिनी. नऊ वर्षं दर जूनला दोघं मनाली ते लेह. पन्हं प्यायला. मग म्हणाला, "वदिना, या वर्षी दादाची सायकल मी नेतो. घाट त्याच्याच सायकलवर चढतो."
मी म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत त्यांची वस्तू घराबाहेर जात नाही. आमच्यात तसं असतं.
"बरोबर, बरोबर," म्हणाला. गेला.
असं आमच्यात काही नसतं.

२० मे
सासूबाईंनी आतून सगळं ऐकलं होतं. आज जेवताना, "कोन्तं शास्त्र हे? कपडे त तेरवीलेच वाटून देल्ले तू. मंग सायकलच काऊन अडली?"
भाकरी वाढली. 

२५ मे
राजन्नाने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. बारालाचा खिंडीचा चढ, दोन्हीकडे बर्फाच्या भिंती. हे गात गात चढतायत. दम लागलाय तरी गातायत. मग खोकला, मग हसणं. मागून राजन्ना ओरडतो, "दादा, वन्स मोर!"
एकवीस वर्षांच्या संसारात यांना गाताना एकदाही ऐकलं नाही. दुकानात बोलायचे ते तीन इंची खिळा, चार इंची खिळा. घरात त्याहून कमी. मीही फार बोलत नाही. वाटायचं, दोघं सारखेच आहोत.
चार वेळा पाहिला. पाचव्यांदा आवाज बंद करून. "वन्स मोर" ऐकवत नव्हतं.

२९ मे
दुकानात गिऱ्हाईक नाही. राजन्नाचा फोन. सहज म्हणाला, "तुमची जवसाची चटणी दादा मला देत नव्हता. मागितली तर म्हणे, घरची आहे, वहिनीला विचार."
"खरंच?" विचारून बसले.
खूप बरं वाटलं. लगेच राग आला. हेसुद्धा मला याच्याचकडून कळावं. आणखी काय काय आहे याच्याकडे?

१ जून, रविवार
राजन्ना परत. या वेळी मला नाही, सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घेऊन जाय बाप्पा, धूळ खाऊन राह्यली." झालं. ८ तारखेला सकाळी सहाला नेणार.
अंगणात सायकलवर बसून पाहिलं त्याने. पाय बरोबर पडले. "सीट हलवायलाच नको. आमची उंची एकच!" खूश होता.
सीटच्या नळीवर यांनी खिळ्याने ओरखडा काढलेला आहे. प्रवासात सीट काढली की परत तिथवरच बसवायची. ते त्याला दाखवलं नाही. त्याला गरजच नाही म्हणा.

७ जून
जवसाची चटणी केली. डबा भरला. कोणासाठी, ते ठरवलेलं नाही.
संध्याकाळी सायकल पुसायला काढली. पुसून झाल्यावर बसून पाहिलं. पाय लोंबकळले. शाळेत असताना वडिलांची सायकल दांडीखालून पाय घालून, कैंची मारून चालवायचे, ते आठवलं. दुकानातून पाच नंबरची एलन चावी आणली. बोल्ट ढिला करून सीट खाली दाबली. पार खाली. पायाचे अंगठे टेकले.
ओरखडा फ्रेमच्या नळीत गेला. दिसेना.
सासूबाई पायरीवर. "चालव ना मंग. पाहून काऊन राह्यली?"
फाटकापर्यंत गेले. वळता आलं नाही, उतरून वळवली. परत आले. पडले नाही.
खोलीत येऊन दार लावलं. त्यांचं गाणं गुणगुणून पाहिलं. दुसऱ्या ओळीला अडले.

८ जून
पावणेसहा. सासूबाईंनी हँडलला हळदकुंकू लावून लिंबू बांधलं. डबा ओट्यावर. सीट रात्रभर तशीच. ओरखड्यापर्यंत सीट वर करायला दोन मिनिटं पुरेत.
फाटक वाजलं. "वदिना!"
सीट खालीच आहे. चावी माझ्या मुठीत.