वसंताने खुर्ची सोडली

रेवदंडा, १८ ऑक्टोबर १९३१
वसंताचं भाषण छापून आलंय. माझा धाकटा भाऊ आता सबंध देशाच्या सामाजिक परिषदेचा अध्यक्ष, म्हणून पहिल्याच पानावर. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या बायकांविषयी म्हणाला, "सरकारी कोठडीत रात्री काढून आलेल्यांना घरात कुठल्या तोंडाने घ्यायचं?" पुढे कंसात, हशा.

ह्यांचं म्हणणं, छापताना चूक झाली असेल. नाही. हशाआधी तो कुठे थांबला असेल तेही मला ऐकू आलं. मी कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले की ओटीवर उभा राहून कविता म्हणायचा. हात पाठीमागे. मधेच थांबून बघायचा, ताई हसते का.

२२ ऑक्टो.
मुंबईत, पुण्यात मोर्चे. राजीनामा मागताहेत. इथे बाजारातही सभा झाली.
जानकी कोळीण भाषण आल्यापासून मासळी घेऊन दारावर आलेली नाही. तिची लेक मथी गेल्या वर्षी मीठ उचलताना पकडली गेली होती. सुटली तेव्हा सासरच्यांनी थळला वाजतगाजत नेली. परवा त्याच सासूने तिला माहेरी आणून सोडली. एवढा मोठा माणूस उगाच बोलेल का, म्हणाली म्हणे.

२५ ऑक्टो.
वसंताला पत्र. शब्द मागे घे, एवढंच लिहिलं. मथीचं सगळं कळवलं.

२९ ऑक्टो.
बायकांचा मोर्चा घरावरून गेला. राजीनामा मागणारी तार करायला पोस्टात चालल्या होत्या. ह्यांनी खिडक्या लावल्या. मी ओटीवरच बसून राहिले. एक कोळीण ओरडली, "ओ बाय, भावाला सांग, तुरुंगात भाकरीत खडं होतं, दुसरा काय न्हवता!" सगळ्या हसल्या. मलाही हसू आलं, मग रडू.
जानकी पुढेच होती. माझ्याकडे बघितलं नाही.

४ नोव्हें.
वसंताचं उत्तर. "ताई, खुर्ची सोडीन. शब्द मागे घेतला तर माझं काय उरलं?"
मथीविषयी एक अक्षर नाही.

८ नोव्हें.
राजीनामा दिला. बाजारात फटाके, साखर वाटली. ऐन दिवाळीत आमच्याकडे सुतक असल्यासारखं.

९ नोव्हें.
गुडघे दुखत होते तरी कोळीवाड्यात गेले. जानकी जाळं शिवत होती. पाट दिला, पाणी दिलं. मथी आतच. मी म्हटलं, सोडली त्याने खुर्ची. जानकीने जाळ्याची गाठ ओढून घट्ट केली.
"सोरली ता बरा झाला, बाय. पन मथीचे सासूनं खुर्ची बघून हिला हाकलली न्हाय. तुजे भावाचा बोलना ऐकून हाकलली."
शब्द मागे घे, असं मोर्चात कुणी म्हटलंच नव्हतं. राजीनामाच तेवढा...

१० नोव्हें.
वसंताची तार. भाऊबीजेला उद्या येतोय. आई गेल्यापासून एकही भाऊबीज चुकवलेली नाही त्याने. हे म्हणतात, घरात राजकारण नको.
करंज्या तळल्या. त्याला खुसखुशीत लागतात.

११ नोव्हें., सकाळ
बोट खाडीत शिरली. हे धक्क्यावर गेलेत.
निरांजन अजून लावलं नाही. दारातच सांगणार आहे, आधी मथीच्या सासूकडे थळला चल, माझ्याबरोबर. चुकलो म्हण. मग ओवाळते.
नाही म्हणाला तर...
त्याला दुसरी बहीण नाही.